२५८ चालींची चूक

बुद्धिबळ खेळणारी एक लायब्ररी आम्ही गेल्या वर्षी लिहायला घेतली. लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे. इतर आज्ञावलींना आयती वापरता यावी अशी सूचनांची जुडी. तिला सोंगट्यांचे मोल सांगावे लागते. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वजिराला ९, हत्तीला ५, उंट व घोडा यांना प्रत्येकी ३ आणि प्याद्याला १ असे गुण दिले होते. गुणदानाची सवय जडलेल्या आमच्यासारख्या शिक्षकाला हा भाग सोपा गेला.

अडले ते नियमांपाशी. लायब्ररीला नियम येतात की नाही हे पाहण्याची एक रूढ रीत आहे: आरंभीच्या मांडणीपासून शक्य तेवढे सारे चालक्रम मोजायचे. पांढऱ्याच्या पहिल्या चालीला २०, काळ्याच्या उत्तरानंतर ४००, मग ८,९०२, मग १,९७,२८१. येथवर आमचे आकडे जुळले. पाचव्या पायरीवर ४८,६५,६०९ यायला हवे होते. आमचे २५८ कमी भरले.

दोन रात्री शोधल्यावर उलगडा झाला. दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याला, ते एकच घर चालले आहे असे मानून, शेजारच्या प्याद्याने लगेच मारण्याचा नियम आम्ही लिहिलाच नव्हता. त्याची संधी पाचव्या पायरीआधी येऊ शकत नाही, म्हणून चूक तोवर लपून राहिली.

हा नियम आम्ही पुस्तकात वाचला होता. हाताला मात्र तो नव्हता. वडिलांनी आम्हांला शिकवला तो देशी खेळ. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे. उडीच नाही, तर उडीवरचा उतारा कशाला असेल? आज्ञावलीत आम्ही उडी आठवणीने घातली आणि उतारा राहून गेला.

नियम घातला, आकडा जुळला. तरी हळहळ वाटली. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्याकडून आलेली एक सवय आम्ही चूक म्हणून खोडली होती. संहितेत काय आहे ते आम्ही वर्गात शिकवतो. काय गळले आणि ते कोणत्या संस्कारामुळे गळले, हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो.

पुढे लायब्ररीत देशी नियमांचा एक वेगळा पर्याय आम्ही ठेवला. त्याच्या पडताळ्याला आमच्याजवळ आकडा नाही. वडिलांसमोर बसून खेळलेल्या डावांची आठवण तेवढी आहे.