नारिंगी बटण

"अरे, आधी रिपोर्ट उघडला की सेव्हचं बटण नारिंगी होतं. रिफ्रेश मारलं की परत निळं." आमची टेस्टर हे सांगायला आली तेव्हा मी तिला ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगितलं. आमच्या धंद्यात हे म्हणजे 'पाणी पी, बरं वाटेल' म्हणण्यासारखं. तिनं साफ केली. बटण नारिंगीच.

पुण्यातल्या त्या ऑफिसात आमचं अँग्युलरचं अ‍ॅप होतं, दीडशेच्या आसपास कंपोनंट. थीम एका जागी असावी म्हणून सुरुवातीलाच मी एक फाइल केली होती. रंग, अंतरं, मिक्सिन तिच्यात होतेच. शिवाय बटणांचे, टेबलांचे, फॉर्मचे सगळे नियमही मी हौसेनं तिथेच कोंबले होते. ज्याला लागेल त्यानं ती आपल्या स्टाइलशीटमध्ये इम्पोर्ट करावी, इतकी सोपी व्यवस्था.

घोडं तिथेच पेंड खात होतं. सॅसमध्ये नुसती व्हेरिएबल्स आणि मिक्सिन असलेली फाइल शंभरदा आणली तरी शेवटच्या सीएसएसमध्ये एक अक्षर वाढत नाही. नियम असतील तर मात्र ते दर इम्पोर्टला नव्यानं छापले जातात. त्यात अँग्युलर प्रत्येक कंपोनंटच्या घटकांना एक खूण चिकटवतं आणि त्याच्या नियमांनाही तीच जोडतं, म्हणजे एका घरचे नियम दुसऱ्या घरात लागू होत नाहीत. दीडशे घरांत एकाच पंचांगाच्या दीडशे प्रती, असा आमचा कारभार झाला. बिल्ड ओरडत होता की कंपोनंटच्या स्टाइलनं ४ केबीची मर्यादा ओलांडली. कुणीतरी ती ४० केली, मग १००. दोन्ही बदल मंजूर करणारा मीच.

नारिंगी रंग शोधायला दीड दिवस गेला. बटण हा आमचा स्वतंत्र कंपोनंट. रिपोर्टच्या पडद्यावर ते वेगळ्या रंगाचं हवं होतं, पण बाहेरची स्टाइल आत पोचेना. मग कुणी एनजी-डीप वापरून कुंपण तोडलं आणि वर इम्पॉर्टंट ठोकलं. तो नियम फक्त रिपोर्टपुरता बांधायला हवा होता, बांधला नव्हता. त्या काळच्या अँग्युलरमध्ये कंपोनंट पडद्यावरून गेला तरी त्याची स्टाइल पानात तशीच राहायची. रिपोर्ट एकदा उघडला की पुढे सगळीकडे बटणं नारिंगी. टेस्टरची मी माफी मागितली. ती म्हणाली, "कॅशे साफ करू का?"

मग फाइल फोडली. सामायिक फाइलला एकच कसोटी लावली: ती एकटी कंपाइल केली तर बाहेर काहीही पडता कामा नये. जे पडेल ते मुख्य स्टाइलशीटमध्ये, एकदाच. रंगांची नावंही बदलली. मधल्या काळात ग्राहकाचा ब्रँड बदलल्यामुळे 'ब्लू' नावाच्या व्हेरिएबलमध्ये हिरवा रंग बसला होता आणि नवीन येणारा प्रत्येक जण तो 'दुरुस्त' करू पाहायचा. आता नाव कामावरून: मुख्य कृती, इशारा, पार्श्वभूमी.

हे सगळं सीएसएसच्या स्वतःच्या व्हेरिएबल्सवर न्यायचं होतं. ती मुळाशी एकदा लिहिली की वारशानं प्रत्येक कंपोनंटच्या आत उतरतात, कुंपण त्यांना अडवत नाही. पण ग्राहकाच्या कचेरीत इंटरनेट एक्सप्लोरर ११ होता आणि त्याला ती कळत नसत. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार काढला तेव्हा ऑफिसात मी एकट्यानं पेढे वाटले.

फाइल फोडल्याचा फायदा कळला तो मराठी पडद्यावर. इंग्रजीच्या मापानं ओळीची उंची १.२ ठेवली होती. चौकटीत बसवलेल्या मथळ्यांच्या वेलांट्या वरून कापल्या जायच्या. पूर्वी हे दीडशे ठिकाणी शोधावं लागलं असतं. आता एका ओळीत १.६ केलं आणि 'मी'ची वेलांटी सगळीकडे डोक्यावर परत आली.

बिल्डची मर्यादा पुन्हा ४ केबीवर आणली आहे. दोन कंपोनंट अजून तिच्यात बसत नाहीत. दोन्ही माझेच आहेत.