लाळग्रंथीची कैफियत

जबड्याखाली सूज आली म्हणून जो रुग्ण येतो, तो तिचा आकार बोटांनी दाखवितो, ती किती दुखते तेही सांगतो; परंतु ती केव्हा येते आणि केव्हा ओसरते, हे आपण होऊन क्वचितच सांगतो, आणि लाळग्रंथीच्या दाहाचे अर्धे निदान तर त्या वेळेतच असते. पानावर बसावे, दोन घास पोटात जातात न जातात तोच जबड्याखाली ताठरून कळ उठावी, आणि जेवणानंतर तास-दोन तासांनी सारे पूर्ववत व्हावे, अशी कैफियत ऐकली की नलिकेत खडा असावा असे अनुमान मी बांधतो. असे १०० पैकी सुमारे ८० खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. कारण तिची लाळ दाट व कॅल्शियमयुक्त असून, १६५६ साली थॉमस व्हार्टन यांनी वर्णिलेल्या त्या लांब नलिकेतून तिला वर चढावे लागते.

एक बोट जिभेखाली ठेवून, दुसऱ्या हाताने ग्रंथी बाहेरून उचलून धरीत, मी मागून पुढे चाचपीत येतो. उलट गेल्यास खडा आत सरकण्याचे भय असते. मग जिभेच्या बंधाशेजारचे नलिकेचे सूक्ष्म तोंड कापसाने टिपून ग्रंथी हलकेच दाबतो आणि थांबतो. नितळ थेंब आला, गढूळ पिवळसर तंतू आला, की काहीच आले नाही, या तीन उत्तरांची रुजवात सोनोग्राफीशी मागाहून घालावी, आधी नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

इलाज पुष्कळदा साधा असतो: भरपूर पाणी, शेक, लिंबाची फोड, मालिश, आणि पू असल्यास प्रतिजैविके. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या कानाखाली एकाएकी लाल, दुखरी सूज येते, तिच्या मुळाशी बहुधा पाण्याची वाण असते. १८८१ मध्ये गोळी लागून अंथरुणावर पडलेले अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांनाही या विकाराने गाठले होते. खडा पुढे असेल तर तोंडातूनच निघतो, खोल असेल तर हल्ली बारीक दुर्बीण नलिकेत उतरविता येते; आणि अडथळा दूर होताच रोगजर्जर ग्रंथीही पुष्कळदा पुन्हा कामाला लागते, म्हणून तिला काढून टाकण्याचा हुकूम मी होईल तितका तहकूब ठेवतो.

मात्र सूज जेवणाशी निगडित नसेल, टणक असून दुखत नसेल, आणि तशात ओठाचा कोपरा ओघळलेला दिसत असेल, तर शेक-मालिशीत एक दिवसही न दवडता सुईने पेशी काढून तपासणीस धाडाव्यात, आणि तो अहवाल हाती येईपर्यंत कागदावर ‘दाह’ हा शब्द लिहू नये.