रोजचे तीन अध्याय

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, एका जुन्या घरात पहाटे पाचला दिवा लागतो. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई चहाचे आधण ठेवण्यापूर्वी पवित्र शास्त्र उघडतात. सोमवार ते शनिवार रोज तीन अध्याय, रविवारी पाच. ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय या गतीने वर्षाच्या आत पुरे होतात, आणि १ जानेवारीला पुन्हा उत्पत्तीचे पहिले पान येते. हा हिशेब सासऱ्यांनी घालून दिला. तीसहून अधिक वर्षे बाईंनी तो मोडलेला नाही.

मराठी मनाला पारायण अपरिचित नाही. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि त्यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचून निर्वाह करीत असे. त्याच घरातील रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होईपर्यंतची अखेरची वर्षे त्यांनी या कामाला दिली. बेताचे शिकलेल्या स्त्रीलाही शास्त्र समजावे, ही त्यामागील तळमळ होती. ग्रंथ बदलला, तरी पहाटेचे वाचन सुटले नाही.

मात्र क्रमाने वाचणे आणि हवे ते वाचणे यांत अंतर आहे. क्रमाने वाचणाऱ्याला लेवीयातील यज्ञविधी टाळता येत नाहीत. पहिल्या इतिहासाचे आरंभीचे नऊ अध्याय बहुतांशी वंशावळींचे. तीही नावे ओठांवरून जावीच लागतात. त्यांतून काय मिळते, असे कोणी विचारले, तर बाईंपाशी सांगण्यासारखे फारसे नसे. शाळेत हजेरी घेताना एकही नाव गाळायचे नाही, एवढेच त्या म्हणत.

एका नोव्हेंबरात बाईंचा धाकटा मुलगा महामार्गावरील अपघातात गेला. सांत्वनाला आलेल्या दिरांनी सुचवले, ‘‘वहिनी, सध्या स्तोत्रसंहितेतले धीराचेच भाग वाचा. बाकीचे राहू द्या.’’ सूचना मायेची होती. बाई म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मला हवं तेवढंच वाचलं, तर मला माझंच ऐकू येईल.’’ त्या दिवसांत त्यांची प्रार्थना थांबली होती. गुडघे टेकले तरी शब्द येत नसत. वाचन मात्र चालूच राहिले, आणि ते श्रद्धेने चालले होते की केवळ सवयीने, हे त्यांनाही सांगता आले नसते.

मार्च संपता संपता दुसऱ्या शमुवेलाचा एकविसावा अध्याय आला. प्रवचनासाठी हा अध्याय सहसा कोणी निवडीत नाही. दाविदाच्या राज्यात तीन वर्षे दुष्काळ पडतो. शौलाने केलेल्या हत्येची भरपाई म्हणून त्याच्या वंशातील सात पुरुष डोंगरावर मारून टाकले जातात. त्यांत रिस्पा या त्याच्या उपपत्नीचे दोन मुलगे असतात. ती खडकावर गोणपाट अंथरते आणि सातूच्या हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना प्रेतांजवळ येऊ देत नाही. त्या देशात उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. तेव्हा ही राखण काही महिन्यांचीही असू शकेल. राजाच्या कानी हे गेल्यावर तो शौलाच्या आणि योनाथानाच्या अस्थी आणवतो, या मृतांच्याही अस्थी गोळा होतात, आणि मग देशावर देवाची कृपा होते.

बाईंनी हा अध्याय तीसहून अधिक वेळा वाचला होता, आणि दर वेळी दाविदाच्या कथेचा एक फाटा म्हणून त्या पुढे गेल्या होत्या. या पहाटे त्या थांबल्या. रिस्पाच्या तोंडी ग्रंथकाराने एकही वाक्य घातलेले नाही. ती प्रार्थना करीत नाही, देवाला जाब विचारीत नाही. ती फक्त तिथून उठत नाही. आपल्या मुक्या महिन्यांना शास्त्रात जागा आहे, हे बाईंना कोणा उपदेशकाने सांगितले नव्हते. ते त्यांना क्रमाने वाचताना सापडले, आणि दिरांचा सल्ला मानला असता, तर निदान त्या वर्षी ते पान उघडले गेले नसते.

यामुळे दुःख सरले, असे नाही. त्या दिवशी नेमाचे उरलेले अध्याय वाचायचे राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते भरून काढले. कित्येक आठवड्यांनी एका रात्री त्यांच्या तोंडून दोन शब्द प्रार्थनेचे निघाले. त्यांत मागणे काही नव्हते, मुलाचे नाव तेवढे होते. शास्त्रातील त्या पानावर खूण म्हणून त्यांनी काहीही ठेवलेले नाही. मार्चअखेर ते आपोआप समोर येते.