समुद्राऐवजी तापी

दर वर्षी आमचे ठरलेले असते. संक्रांत झाली की दुकान चार दिवस बंद ठेवायचे आणि मालवण, गोकर्ण नाहीतर कारवार गाठायचे. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, एवढ्या वर्षांत समुद्र चुकला तो फक्त मुलांच्या दहावी-बारावीला. या वर्षी मात्र ह्यांनी वेगळेच काढले. रात्री जेवताना म्हणाले, "बुऱ्हाणपूरला जाऊन येऊ या का?"

ह्यांचे शिलाईच्या सामानाचे दुकान आहे. अस्तर, बकरम, दोरे, बटणे. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागाचे मोठे गाव. तिथल्या एका व्यापाऱ्याकडे आगाऊ पैसे दिलेले होते आणि माल दिवाळीपासून "निघालाच" होता. फोनवर काम होईना, म्हणून स्वतः जायचे. पण मला माहीत होते, नुसत्या अस्तरासाठी हा माणूस माझा समुद्र बुडवणार नाही. बुऱ्हाणपूरला माझी मावशी आहे. गेल्या श्रावणात आई गेली तेव्हा मावशीला येता आले नव्हते. गुडघे चालत नाहीत, त्यात पावसाचे दिवस. तेव्हापासून आम्हा दोघींची भेट नव्हती.

आईचे माहेर बैलहोंगलचे. आजोळी मराठी होतीच, पण आजीची बोली कानडी, म्हणून दोघी बहिणी आपापसांत कानडीच बोलायच्या. आई लग्न होऊन शहापूरला आली आणि आम्हा मुलांशी मराठी बोलू लागली. मावशीचे यजमान रेल्वेत. हुबळीला असताना लग्न झाले, पुढे बदली भुसावळला झाली आणि निवृत्तीनंतर काका आपल्या मूळ गावी, बुऱ्हाणपूरला जाऊन राहिले. काका गेले त्यालाही आता नऊ वर्षे झाली. मावशीच्या घरात मराठी, दारात हिंदी. कानडी फक्त रविवारी सकाळी, आईशी फोनवर. आई त्या वेळी दार लोटून घ्यायची. आम्ही हसायचो, की एवढे काय गुपित!

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निघालो आणि दुसऱ्या दिवशी भुसावळला उतरून पुढची गाडी धरली. सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशने येतात आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी. आपल्याकडे ऊस कसा नजर पोचेल तिथवर असतो, तशी इकडे केळी. रावेर सोडले की महाराष्ट्र संपतो, पण खिडकीतून काही कळत नाही. पाटीवरची लिपीसुद्धा तीच. डब्यातली बाई समोरच्याशी हिंदीत आणि नवऱ्याशी मराठीत भांडत होती, तेव्हा मला अगदी घरच्यासारखे वाटले.

1956 साली राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा आपला भाग म्हैसूर राज्यात गेला आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले. पुढे 15 ऑगस्ट 2003 रोजी खांडव्यातून वेगळे काढून त्याचा जिल्हा झाला. म्हणजे तोही सीमेवरचा जिल्हा, आपल्यासारखाच.

स्टेशन लालबागला आहे, गाव तिथून थोडे दूर. मावशी दारातच खुर्ची टाकून बसली होती. "या, या, प्रवास कसा झाला?" असे स्वच्छ मराठीत विचारले. आई गेल्यावरची पहिली भेट, काय बोलावे दोघींनाही कळेना. ह्यांनी बॅगा आत नेल्या. मी पायांना हात लावला आणि तोंडातून निघून गेले, "मावशी, ह्यांग इद्दी?" माझी कानडी म्हणजे गिऱ्हाइकांपुरती. व्याकरणाचा आनंद आहे. पण मावशीने माझा हात धरला तो सोडेचना. "ऊटा आतेन?" म्हणाली, आणि मग रडली.

संध्याकाळी मी पिशवीतून आईचे इरकल काढून तिला दिले. ते मांडीवर घेऊन तिने पदराची टोपे तेवढी चाचपली. मग विचारले, "नन्न हेसर तगोंडळेन?" माझे नाव घेतले का तिने?

हा प्रश्न येणार म्हणून मी बेळगावपासून भीत होते. शेवटचे दोन दिवस आई मराठी विसरूनच गेली होती. नुसती कानडी. आमच्यापैकी कोणाचेच नाव नाही, मावशीचेही नाही. पुन्हा पुन्हा एकच म्हणायची, "केरिगे होगोणु बा, केरिगे होगोणु बा." तळ्यावर जाऊ चल. आम्हाला वाटायचे तहान लागली, म्हणून चमच्याने पाणी घालायचो. खोटे सांगता आले असते, ह्यांनी डोळ्यांनी तशी खूणही केली. पण मला जमले नाही. जे होते ते सांगितले.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग मराठीत म्हणाली, "अगं, ते मलाच." लहानपणी पहाटे पाणी आणायला दोघी तळ्यावर जायच्या. मावशी झोपाळू. आई तिला पांघरुणातून ओढून रोज हेच म्हणायची. "नावाने कधी हाक मारली तिने मला? नाव घेतलं असतं तर मला वाटलं असतं, रागावलीय."

त्या रात्री मावशीने दोनदा जेवायला वाढले. मी "साकु, साकु" म्हणत राहिले.

जेवणावरून आठवले. बेळगावच्या माणसाने मांड्यांविषयी बोलताना जपून बोलावे. आपला मांडा म्हणजे उपड्या तव्यावर भाजलेली, आत तूप-साखर घालून घडी केलेली कुरकुरीत चीज. लग्नाच्या रुखवतात शोभणारी. खानदेशात मांडे म्हणजे पुरणाचे, हातावर झेलत मोठे केलेले आणि उपड्या खापरावर भाजलेले मऊ प्रकरण. आणि बुऱ्हाणपुरात बाजारात मांडा म्हणून जी मिळते ती रुमालासारखी भली मोठी पातळ रोटी, रश्शाबरोबर खायची. एका शब्दात तीन पदार्थ! ह्यांनी तिन्हींना न्याय दिला. शिवाय इथली खव्याची जिलबी, काळपट आणि जड, आणि दराबा नावाची रवा, साखर आणि तूप फेटून केलेली मिठाई. दराबा तोंडात टाकला की विरघळतो. डायबेटिसवाल्यांनी त्या गल्लीतून जाऊच नये.

दुसऱ्या दिवशी हे व्यापाऱ्याकडे गेले. त्याची हकीकत लांबवत नाही. निम्म्या पैशांचा माल मिळाला, उरलेल्याचा वायदा. येताना हे खुशीत होते, कारण त्या गल्लीत मागांचा खडखडाट ऐकून त्यांना वडगाव आणि खासबागची आठवण झाली होती. या गावाचे कापड काही आजचे नव्हे. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने इथले झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तानपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे.

आता गावाविषयी. बुऱ्हाणपूर वसवले खानदेशच्या फारुकी सुलतानांनी, आणि नाव दिले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे, ज्यांची कबर आपल्या खुलताबादला आहे. पुढे मोगलांचे हे दक्षिणेतले मोठे ठाणे झाले. तापीच्या काठावर शाही किल्ला आहे. बराचसा पडलेला, पण हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते. मुमताजमहल 1631 च्या जूनमध्ये याच गावी चौदाव्या बाळंतपणात गेली. नदीपलीकडे जैनाबादला आहूखाना म्हणून बाग होती, तिथे तिला आधी पुरले, आणि डिसेंबरमध्ये तिचे शव आग्र्याला नेले. ताजमहाल सगळ्यांना ठाऊक, पण त्या बाईचे पहिले सहा महिने या नदीकाठी गेले हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हते.

मराठी माणसाला अडवील अशी जागा मात्र वेगळी आहे. गावाबाहेर तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. पुरंदरचा तह (1665) करून घेणारे हे राजे औरंगजेबाच्या मर्जीतून उतरले आणि 1667 साली इथेच वारले. पाठ्यपुस्तकात ज्यांच्यावर चार गुणांचा प्रश्न यायचा, ते इथे एकटेच. आम्ही गेलो तेव्हा तिथे दोन शेळ्या आणि आम्ही दोघे, एवढीच गर्दी होती. पुढे 1681 मध्ये संभाजीमहाराजांच्या फौजेने याच शहराच्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला होता.

जामा मशिदीत मी जास्त वेळ रमले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान आदिलशहाने ती बांधली, आणि आत अरबीबरोबर संस्कृतमध्येही शिलालेख कोरला. एकाच भिंतीत दोन भाषा, दोन लिप्या. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून केवढे रामायण होते! मी ह्यांना म्हटले, इथे कोणती वर आहे ते बघा हो. ते म्हणाले, "गावी गेल्यावर सांगू नकोस कुणाला."

कुंडी भंडारा पाहिल्याशिवाय कोणी परतू नये. अब्दुल रहीम खानखाना, ज्यांचे दोहे मुलांना हिंदीच्या पुस्तकात असतात, ते इथले सुभेदार होते. त्यांच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावाला आणले गेले. वर पाहावे तर ओळीने विहिरींची तोंडे, शंभरावर. खालून सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. पंप नाही, मोट नाही. नुसत्या उतारावर पाणी चालते. एका कुंडीत लिफ्टने सुमारे 80 फूट खाली जाता येते. खाली घोटाभर गार पाणी आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी बीदरचे करेज पाहिले असेल त्यांना ही जात ओळखीची वाटेल. तेही बहामनी काळातले, याच इराणी पद्धतीचे. मी ओंजळभर पाणी पिऊन पाहिले. चव गोड आहे.

असीरगड गावापासून वीसेक किलोमीटरवर. 1601 मध्ये अकबराने तो घेतला आणि खानदेश मोगलांचा झाला. तिथल्या महादेवाला अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहतो असे लोक सांगतात. आम्ही दुपारी गेलो, त्यामुळे गाठ पडली नाही. जाणाऱ्यांनी थंडीतच जावे. उन्हाळ्यात हा भाग भट्टी असतो.

शेवटच्या संध्याकाळी मावशीने स्वतःहून सांगितले, "मला राजघाटावर न्या." रिक्षातून उतरवून तिला वरच्याच पायरीवर बसवले. आईचे इरकल नेसली होती. खाली तापी संथ, पलीकडे धुके. हे मला चिडवत म्हणाले, "समुद्र पाहिजे होता ना? ही बघ, सुरतेला समुद्रालाच जाते." खरेच आहे. आपली मलप्रभा, घटप्रभा कृष्णेला मिळून पूर्वेला जातात आणि ही उलटी, पश्चिमेला. मावशीने ते ऐकले आणि म्हणाली, "मग तुमच्या कारवारलाही हेच पाणी येत असेल." भूगोलाच्या दृष्टीने कोणी खोट काढायचे तर काढो, आम्ही काढली नाही.

निघताना तिने दराब्याचे दोन डबे दिले. एक वाटेतच संपला.

आता रविवारी सकाळी फोन मला येतो. मी दार लोटून घेते. मुले हसतात. मावशी माझ्या क्रियापदांना नावे ठेवते आणि मी चुका करत बोलत राहते. मागच्या रविवारी कुकरची शिट्टी झाली, म्हणून घाईत म्हटले, "मावशी, होगतीनि." ती केवढी रागावली. "होगतीनि अंत हेळबारदु! होगि बर्तीनि अन्न."

मी म्हटले, "होगि बर्तीनि." तेव्हा कुठे तिने फोन ठेवला.