तांडा पुढे गेल्यावर

"तुझ्यावाचून मला जाता आले पाहिजे," असे माझा मित्र म्हणाला आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळला. त्याच्या बोलण्यात रोष नव्हता, माझ्याविषयी तक्रार नव्हती. त्या वाक्याला काही उत्तर अपेक्षित आहे, असेही त्याच्या मुद्रेवरून दिसत नव्हते. परंतु तेव्हापासून, शाळेत शिकलेला आणि पुढे विस्मृतीत गेलेला अंधपंगुन्याय माझी पाठ सोडीत नाही, आणि एका साध्या दृष्टान्ताचा इतका पिच्छा पुरवण्याचे प्रयोजन काय, हे उमगत नसतानाही मी त्याच्यामागे ओढला जात आहे.

आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यावे, पांगळ्याने वाट दाखवावी आणि दोघांनी मिळून रान पार करावे, एवढीच ती कथा. लहानपणी ती आम्हांला परस्परसाहाय्याचा आदर्श म्हणून सांगितली गेली, आणि सांगणाऱ्यांनी ती जिथे संपवली तिथेच आम्हीही थांबलो. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या एकविसाव्या कारिकेत हा दृष्टान्त योजला तो मात्र मैत्रीचे गुणगान करण्यासाठी नव्हे. पाहणारा पण काहीच न करणारा पुरुष आणि सर्व काही करणारी पण न पाहणारी प्रकृती यांचा संयोग कसा घडतो, हे सांगण्यासाठी. गौडपादांच्या भाष्यात त्या दोघांची हकीकत थोडी विस्ताराने येते. ते एका तांड्याबरोबर निघाले होते. अरण्यात चोरांनी तांड्यावर घाला घातला. आप्तस्वकीयांनी त्यांना टाकून दिले, आणि इकडेतिकडे भटकत असता दैवयोगाने त्यांची गाठ पडली. पुढे इच्छित स्थळी पोहोचल्यावर, कार्य साधले म्हणून, ते एकमेकांपासून विलग होतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांचे खंडन करताना याच दृष्टान्ताला हात घातला. पांगळा निदान वाणीने आंधळ्याला चालवतो. तुमचा पुरुष तर निष्क्रिय आणि निर्गुण, तो प्रकृतीला प्रवृत्त करणार कशाने? हा आक्षेप कितपत टिकतो, हे ठरविण्याचा अधिकार माझा नाही. परंतु इतक्या सूक्ष्म वादाच्या भरातही आचार्यांचे लक्ष पांगळ्याच्या वाणीकडे गेले, याचे मला अपार समाधान वाटते.

माझ्या मित्राची वाणी बहुतांशी लेखी आहे. बालपणीच्या पोलिओने त्याच्या दोन्ही पायांतले बळ नेले. उरलेल्या आयुष्यातील बराच काळ त्याने बस, फलाट आणि पूल सर्वांना वापरता यावेत म्हणून अर्ज लिहिण्यात वेचला आहे. फलाट आणि डबा यांतील अंतर, पायऱ्यांची उंची, उतारमार्गाचा चढ हे सारे तो टेपने स्वतः मोजतो. एक फूट उंची गाठण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार हवा, हा मार्गदर्शक तत्त्वांतील दंडक त्याला मुखोद्गत आहे. कारण उतार त्याहून उभा झाला की चाकाच्या खुर्चीला मागून ढकलणारा माणूस लागतो, आणि स्वावलंबनासाठी केलेले बांधकाम परावलंबनच कायम करते. अर्जांच्या स्थळप्रती, पोचपावत्या, जावक क्रमांक, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून या खात्यातून त्या खात्यात फिरलेली पत्रे, हे सर्व तो जुन्या दफ्तराच्या रीतीने रुमालात बांधून ठेवतो.

आम्ही बसने जातो तेव्हा तो कुबड्या आधी माझ्या हाती देतो, दाराच्या दोन्ही दांड्या धरतो, देहाचा सारा भार मनगटांवर तोलतो आणि कॅलिपर घातलेला एकेक पाय वर ओढून घेतो. कुबड्यांची रबरी टोपणे झिजून एका अंगाला तिरपी झालेली असतात. त्या माझ्या मुठीत असतात तेवढा वेळ त्याचे उभे राहणे माझ्या ताब्यात असते. मी गर्दीत मागे राहिलो आणि घंटा वाजली, तर तो पुढे जाईल आणि त्याचे चालणे माझ्यापाशी राहील. एस.टी.च्या भाड्यात अपंग प्रवाशाला पंचाहत्तर टक्के सवलत आहे, आणि ती कित्येकांना खरोखर आधारभूत झाली आहे. परंतु प्रवास परवडणे आणि गाडीत चढता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पण त्या दृष्टान्तात माझे मन अडते ते खांद्यापाशी नव्हे, तांड्यापाशी. पुरुष, प्रकृती, संयोग, वियोग यांवर शतकानुशतके ऊहापोह झाला. तांड्याचे पुढे काय झाले, हे विचारावेसे कोणाला वाटलेले दिसत नाही. ते दोघे तांड्याबरोबर होते, म्हणजे तोवर त्यांची त्यात काही ना काही सोय असली पाहिजे, एखाद्या बैलाच्या पाठीवर जागा, कोणाच्या तरी हाताचा आधार. त्यांना टाकून दिले गेले नसते, तर एकाला दुसऱ्याच्या खांद्याची गरजच पडली नसती. ज्या मैत्रीचे आपण एवढे कौतुक करतो, ती त्यागलेपणातून जन्मली होती.

माझ्यासारख्या पनवेलकराला तांड्याचा विचार परका नाही. बोरघाटाचा रस्ता १८३० साली गाड्यांना खुला झाला. त्याआधी देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरे, आणि येथील बंदरातून गलबतांनी मुंबईस जाई. येथे नगरपालिका झाली ती १८५२ साली. हे गाव येणाऱ्याजाणाऱ्यांवर वाढले. उतरलेल्याला येथे पाणी मिळे, जनावराला चारा मिळे, आणि एखादा आजारी पडला तर त्याच्यासाठी मुक्काम वाढवला जात असे की नाही, हे कोणत्या दफ्तरात शोधावे, ते मला ठाऊक नाही. १९९८ साली हार्बर मार्गाच्या लोकलगाड्या येथवर आल्या. पनवेल हे त्यांचे शेवटचे स्थानक असल्यामुळे गाडी फलाटावर काही मिनिटे उभी असते, आणि अपंगांच्या राखीव डब्यापर्यंत पोहोचून आत शिरायला माझ्या मित्राला अवधी मिळतो. वाटेतल्या स्थानकावर राहणाऱ्या त्याच्यासारख्याच माणसाला तो अवधी क्षणांत मोजावा लागतो. येथे तांडा थांबतो खरा, परंतु तो मागे राहिलेल्यासाठी थांबलेला नसतो. त्याला माघारी फिरायचे असते म्हणून थांबलेला असतो.

तांड्याने सर्वांना बरोबर घेतले पाहिजे, असे अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९५ पासून सांगतो, आणि २०१६ च्या कायद्याने ते अधिक स्पष्ट केले. चाकाच्या खुर्चीवर वावरणारे जावेद अबिदी विमानप्रवासातील अडचणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांच्या याचिकेचा निकाल १९९८ सालचा. दृष्टिहीन राजीव रतुरी यांच्या याचिकेवर २०१७ च्या डिसेंबरात निर्देश निघाले; आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७ च्या नियमावलीतील पंधराव्या नियमाचा पहिला पोटनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायद्याने जे बंधनकारक केले होते त्याला तो केवळ शिफारशीचे रूप देत होता. एकाला चालता येत नव्हते, दुसऱ्याला दिसत नाही. परंतु कोणी कोणाच्या खांद्यावर बसले नाही. दोघांनी, आपापल्या काळी, तांड्यालाच जाब विचारला. माझ्या मित्राच्या अर्जांची जात तीच आहे.

मग इच्छित स्थळी पोहोचल्यावर विलग होण्याचे काय? हे सर्व उतार, सखल बसगाड्या, समतल फलाट खरोखर झाले, तर त्याला माझी गरज उरणार नाही, आणि तसे व्हावे म्हणून त्याच्या अर्जांखाली मीही सह्या केल्या आहेत. पण आमचे बहुतेक बोलणे खोळंब्यात झालेले आहे: चढता येईल अशा बसची वाट पाहताना, जिन्याच्या तळाशी दम घेताना, बंद उद्वाहकाजवळ कोणी येईल म्हणून उभे असताना. तो खोळंबा अन्याय आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. आणि त्याच अन्यायातून जे मिळाले ते मला प्रिय आहे, हेही खोटे नाही. या दोहोंना एकत्र कसे ठेवावे, ते मला कळत नाही.

शिवाय तो आजवर एकटा माझ्या घरी आलेला नाही. प्रत्येक वेळी मीच त्याला घेऊन आलो. एकट्याने येता आले असते तर तो आला असता, की तेवढ्याच मोकळेपणाने दुसरीकडे गेला असता, याची परीक्षा आमच्या मैत्रीला कधी द्यावीच लागली नाही. आणि मला तर कोठेही जाता येत होते. तरी मी त्याच्याकडेच का जात आलो, केवळ त्याच्यासाठी, की कोणाला तरी आपण लागतो या जाणिवेसाठी, हे त्या वाक्याआधी मी स्वतःला विचारले नव्हते, आणि आता विचारतो तेव्हा उत्तर दर वेळी निराळे येते.