किलोवर घेतलेली मशीन

आमच्या ओसरीवर आज अकरा शिलाई मशिनी आहेत. बायको म्हणते, घरात माणसं दोन आन् मशिनी अकरा! खरंय. मी जातिवंत शिंपी नव्हे. शाळेत मास्तरकी केली, रिटायर झालो आणि हा नाद लागला.

तालुक्याच्या भंगारवाल्याकडे मशीन किलोवर जाते. नुसतं वरचं मुंडकंच दहा-बारा किलो भरतं. खालचा बिडाचा सांगाडा हातोहात खपतो, कारण शहरातल्या हॉटेलांना त्याची टेबलं करायची असतात. मुंडकं उरतं, ते मी आणतो.

मोडलेल्या मशिनी थोड्याच असतात, बाकीच्या जाम झालेल्या. त्यातही निम्म्यांचं कारण खोबरेल. मशीनचं तेल संपलं की आपल्याकडं देवळीतली बाटली उचलतात. ते सुकून डिंकासारखं चिकटतं, चाक हलत नाही, आणि घरातले म्हणतात, 'गेली.' मी सांध्यासांध्यांत रॉकेल सोडतो, मशीन उन्हात ठेवतो आणि येता-जाता चाक हळूच मागंपुढं करतो. जोर लावायचा नाही. कधी दोन दिवस लागतात, कधी पंधरा. सोनेरी नक्षीला मात्र स्पिरिट लावू नये. लाखेची झिलई विरघळते आणि तिच्यामागं सोनंही जातं. काही हौशी लोक सगळं खरवडून नवा काळा रंग मारतात. मला ते पटत नाही. नक्षी कुठं झिजलीय, त्यावरून बाईचा हात कुठं टेकायचा ते कळतं.

गेल्या उन्हाळ्यात हातानं फिरवायची सिंगर मिळाली. आत होडीसारखी शटल. नंबर वाय अक्षराचा, म्हणजे स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकची, दोन महायुद्धांच्या मधली. तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला. सुई मात्र तालुक्यातल्या दुकानातली बसते. लाकडी बैठकीच्या कप्प्यात चार बटणं आणि घडी केलेला कागद होता. त्यावर पेन्सिलीनं : झंपर 2, परकर 1, बाकी सात रुपये.

दिवाळीच्या आधी एक म्हातारी दारात आली. भंगारवाल्याला विचारत आली होती.

"मास्तर, माजी मशिन हितं हाय म्हनं?"

"बघा की आजी, यातली कोणती?"

तिनं बघितलंच नाही नीट. सरळ सिंगरपाशी बसली, चाक फिरवलं आणि कान लावला. "आवाज त्योच हाय." नवरा गेल्यावर हिच्यावर तीन पोरं वाढवली, म्हणाली. लेकाला दोष देईना. दोन खोल्यांत सहा माणसं, सुनेला मोटारीची मशीन घेतली, जुनी ठेवायची कुठं?

मी म्हटलं, घेऊन जा, पैसे नकोत. तेव्हा ती जरा वेळ गप्प बसली.

"नगं. घरी नेली तर म्या गेल्यावर परत काट्यावर चढंल. हितंच असू द्या. म्या येत जाईन."

तेव्हापासून दर मंगळवारी बाजार उरकला की ती येते. चहा घेते, पदर खोचते आणि बसते. अकरातली दहा मी पुसतो. त्या एकीला ती हात लावू देत नाही. गेल्या खेपेला नातवाची उसवलेली चड्डी आणली होती. दोरा तेवढा माझा.