गाडीतली ओल आणि मनातला संशय

येऊरच्या डोंगरावर ढग टेकले की वर्तकनगरात छत्र्या उघडतात. पोखरण रोडवरून दिसणारा डोंगर बघता बघता नाहीसा होतो आणि तिकडची सर आमच्या खिडकीवर येऊन आपटते. आमच्या जुन्या वसाहतीत गाड्यांना छप्पर नाही. गुलमोहराखाली जागा मिळाली तरी अल्लाहचे शुक्र मानायचे. आमची चौदा वर्षांची छोटी गाडी तिथेच उभी असते.

गेल्या जुलैत गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला. अम्मींना दम्याचा त्रास आहे. दवाखान्यात जाताना त्या खोकू लागल्या आणि एक दिवस म्हणाल्या, "बेटा, रिक्षाच बोलाव." ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचे मॅटिंग दाबले तर पाणी वर आले. आम्ही धाकट्याला दटावले, "बाटली सांडतोस आणि सांगत नाहीस!" तो रडला, पण कबूल होईना. एका मेकॅनिकने दाराचे रबर बदलले. पैसे गेले, पाणी राहिले.

मग एका रविवारी उघडीप मिळाली आणि जोहरच्या नमाजनंतर आम्ही सगळे तपासाला बसलो. आधी पाणीच पाहिले. एसीची नळी तुंबली तर पाणी स्वच्छ असते आणि कोरड्या दिवशीही येते. हीटरमधून कूलंट गळत असेल तर पाणी चिकट व रंगीत असते, वास गोडसर येतो. आमचे पाणी मातकट होते आणि पावसातच येत होते. म्हणजे ते बाहेरचे.

मॅटिंग उचलले. वरून सुकलेले वाटले तरी खालचा फोम चिंब होता. तो काढून पत्रा पुसला आणि कडेकडेने खडूची पूड भुरभुरली. जिथून थेंब उतरेल तिथे पुडीत रेघ उमटणार. मोठा मुलगा टॉर्च घेऊन आत बसला. आम्ही वुजूच्या लोट्याने बाहेरून बारीक धार सोडली, आधी खाली, मग वर. एकदम सगळीकडे पाणी ओतले तर वाट कळत नाही.

दाराच्या काचेवरून पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडते. आमची भोके मोकळी होती. पुढच्या काचेचे रबरही ठीक निघाले. शेवटी वायपरखालच्या पन्हळीत धार सोडली आणि आतून आवाज आला, "अब्बा, रेघ आली!"

बॉनेट उघडून जाळी काढली. पन्हळीची निचऱ्याची भोके गुलमोहराच्या बारीक पानांनी बुजली होती. तुंबलेले पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत शिरत होते. मूठभर कुजका पाला, खर्च शून्य. फोम मात्र पंख्याखाली वाळायला चार दिवस लागले. तो तसाच राहिला असता तर पत्रा गंजला असता, खालच्या वायरीही खराब झाल्या असत्या.

पाणी साचते एकीकडे, शिरते दुसरीकडे. आम्ही मात्र साचलेली जागा पाहून मुलाला गुन्हेगार ठरवले होते. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. ती मुलांना शिकवणारे आम्हीच ती विसरलो होतो. त्या संध्याकाळी आम्ही धाकट्याची माफी मागितली.

आता दर जुम्याला पन्हळीतली पाने तोच काढतो. अम्मी पुन्हा पुढच्या सीटवर बसतात, अल्हम्दुलिल्लाह.